शंभर टक्के निकालाचं गाऱ्हाणं

मु. पो. कातळवडे, ता. लांजा
२४ सप्टेंबर १९८६

ती. केरूभावोजी यांस,

सदूचा आक्काच्या ओटीवरून साष्टांग नमस्कार. इथे सगळी खुशाल आहेत, आणि जी नाहीत त्यांनीही खुशालच कळवायला सांगितलं आहे. तुमचा खोकला कसा आहे? आक्का म्हणते, गोदीतली धूळ आणि गाळ्यातली विडी यांतलं एक काहीतरी सोडा. (मला विचाराल तर विडी ओढणाऱ्याला उपदेश करू नये. मी मास्तरकीत एवढंच शिकलो.) म्हैस व्याली, पारडी झाली. भात निसवलंय. गणपतीला तुम्ही आला नाहीत, त्यामुळे आरतीचे टाळ कोणी वाजवायचे यावरून तुमच्या दोन्ही चुलत भावांत जुंपली. शेवटी टाळ देव्हाऱ्याखालीच राहिले आणि आरती नुसत्या टाळ्यांवर झाली. देवाने ती घेतली असावी, कारण त्याला दुसरा इलाज नव्हता.

तुमचं कार्ड पोचलं. 'हायस्कूलचा गुणगौरव समारंभ थाटात पार पडल्याचे समजते, सविस्तर कळवावे' असं तुम्ही लिहिता. कळवतो, पण सविस्तर म्हणालात ते लक्षात ठेवा. गावच्या मुंबई मंडळाचे सेक्रेटरी तुम्ही, ढाली तुम्ही पाठवल्यात, नावांचं कार्ड तुम्ही छापलंत, आणि ऐन वेळी गोदीतून रजा मिळाली नाही म्हणून तुम्ही सुटलात. मी या शाळेत मास्तर असल्यामुळे मला रजा मागायची सोयच नव्हती.

तर आपल्या हायस्कूलचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला. लांज्याच्या स्टँडवर तसा फलक लावला आहे, तो येता-जाता मुंबई-गोव्याच्या गाड्या वाचतात. हे शंभर टक्के कसे लागतात ते तुम्हां मुंबईकरांना ठाऊक नाही म्हणून सांगतो. युक्ती साधी आहे. भात निवडताना खडा लागला तर आपण काय करतो? उचलून बाहेर टाकतो. सहामाहीत जे पोर अडखळेल त्याच्या आईबापाला शाळेत बोलवायचं, खुर्चीवर बसवायचं, चहा पाजायचा (आपल्याकडे चहा प्यायलेला माणूस नाही म्हणत नाही) आणि सांगायचं, पोराला बाहेरून बसवा. आतून काय नि बाहेरून काय, पेपर तेच. आईबाप मान डोलावतात, कपबशी जपून खाली ठेवतात आणि पोराचं नाव पटावरून काढून घरी जातात. मग ते पोर पास झालं तर बोर्डाचं, नापास झालं तर त्याच्या नशिबाचं. शाळा दोन्ही वेळेला स्वच्छ. आमच्या हेडमास्तरांनी ही विद्या कुठून आणली ठाऊक नाही. (त्यांचं नाव लिहीत नाही. पोस्टमन त्यांचा साडू आहे.)

तुम्ही म्हणाल, कच्च्या मुलांसाठी मंडळाने बत्ती पाठवली होती, तिचं काय झालं? भावोजी, तुमची ती पेट्रोमॅक्स आली तेव्हा मी नारळ फोडला होता. म्हटलं, संध्याकाळचे जादा तास घेऊ, वीज गेली तरी अडणार नाही. हेडमास्तरांनी बत्ती उलटसुलट पाहिली आणि ती हुशार मुलांच्या वर्गाला दिली. म्हणाले, "कच्च्यांना उजेड दाखवून उपयोग काय? कातळावर कोणी पेरतं का?" मी म्हटलं, साहेब, रत्नागिरीचा हापूस कातळात सुरुंग लावूनच उभा राहिलाय. तर म्हणाले, "मग लावा तुम्ही सुरुंग, पण शाळेची किल्ली मागू नका." हुशारांच्या त्या वर्गात शाळेच्या अध्यक्षांचा पुतण्या लवू होता, म्हणून तो वर्ग हुशार. पुढे ती बत्ती अध्यक्षांच्या घरच्या हळदीलाही जाऊन आली. कच्ची मुलं तेवढी तिच्या उजेडात कधी बसली नाहीत.

मी सुरुंग लावला तो देवळाच्या सभामंडपात, एका कंदिलावर. तिथे आपले धोंडू गुरव असतातच. आम्ही बसलो की तेही खांबाला टेकून बसायचे आणि बीजगणित ऐकता ऐकता पेंगायचे. मी "कळलं का?" असं विचारलं की पोरांच्या आधी तेच झोपेत म्हणायचे, "व्हय म्हाराजा!" देवीपुढे गाऱ्हाणं घालायची आणि त्याला हो म्हणायची जन्माची सवय. पोरांनाही ती लागली. मी विचारावं, "कळलं?" आणि सगळ्या मंडपाने गर्जावं, "व्हय म्हाराजा!" कोणाला काय कळलंय ते देवालाच ठाऊक. मी त्यांना पुष्कळदा रागावलो, की अरे, काय विचारलंय ते ऐकून तरी हो म्हणा. ते म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

त्या कंदिलाखाली आत्माराम पाष्ट्याची सगुणा बसायची. आत्माराम तुम्हाला सांगायला नको. खानावळीत पोळ्या लाटतो आणि तुमच्याच गाळ्यात तुमच्या शेजारी वळकटी टाकतो. पोरगी ढ नव्हती हो. गेल्या वर्षी ऐन लावणीत मथुरेच्या (म्हणजे तिच्या आईच्या) पायावर कोयता बसला. घरात दुसरं माणूस नाही. सगळी लावणी या पोरीने वाकून काढली, आणि तेवढ्यात वर्गात बीजगणित येऊन गेलं. सहामाहीत गणितात गेली. मथुरा लंगडत शाळेत आली, खुर्चीवर बसली, चहा प्यायली, आणि सगुणा बाहेरची झाली. घरी जाऊन ती रडली नाही. दप्तर घेऊन सरळ देवळात आली आणि म्हणाली, "गुरुजी, बाह्येरच्यांना तुमी शिकवताव ना?" मी तोंड उघडण्याआधीच धोंडूने खांबाकडून सांगितलं, "व्हय म्हाराजा."

आणि ती पास झाली! दुसऱ्या वर्गात. ज्या गणितासाठी तिला बाहेर काढली त्या गणितात अध्यक्षांच्या लवूपेक्षा वर गेली. मी तिला घेऊन शाळेत गेलो. मेला माझा भाबडेपणा, मला वाटलं, पेढा तरी मिळेल. हेडमास्तरांनी गुणपत्रक पाहिलं, घडी घालून परत दिलं आणि फार गोड आवाजात म्हणाले, "अभिनंदन हो बाळ. पण तू आता आमची नाहीस." म्हणजे बघा, ती आत राहिली असती तरी निकाल शंभर टक्केच लागला असता. हे मी बोलून दाखवलं. ते म्हणाले, "ते आत्ता कळतंय ना? तेव्हा कुठे माहीत होतं?" आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माणसाचं हे वाक्य आहे.

इथवर सगळं सोसलं असतं. पण आपल्या गावाची रीत तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे बोर्डाचा निकाल जूनमध्ये लागत नाही, तो गणपतीत लागतो, माईकवर. समारंभात ज्याचं नाव पुकारलं तो पास. ज्याचं नाही पुकारलं तो नापास, मग त्याच्या खिशात काहीही कागद असो. आणि समारंभाची कार्डं मंडळाने, म्हणजे तुम्ही, हेडमास्तरांनी पाठवलेल्या नावांवरून छापलीत. ते कार्ड आत्मारामने गाळ्यात वाचून घेतलं. एकाकडून वाचून घेतलं, मग दुसऱ्याकडून. लवूचं नाव आलं, सगुणाचं आलं नाही. भावोजी, तो तुमच्या शेजारी कार्ड उलटंपालटं करत बसला होता, तुम्हाला काही विचारावंसं वाटलं नाही? असो. तुम्हाला खोकला होता.

त्याने समजूत करून घेतली की पोरगी नापास झाली आणि मायलेकींनी मिळून आपल्याला फसवलं. पोर इकडे लांज्याला अकरावीत नाव घालून रोज एसटीने जात होती. बापाचा निरोप आला, कॉलेज बंद. सावर्ड्याकडचं स्थळ पाहिलंय, मार्गशीर्षात उरकायचं. मथुरेने गुणपत्रकाची नक्कल पाठवली तर म्हणे कागद काय, कोणीही छापतं. मी पत्र टाकलं. त्याने दुसऱ्याकडून लिहवून धाडलेलं उत्तर जपून ठेवलंय. 'गुरुजी, तुमी मायाळू हाव, पण तुमी साधे मास्तर. हेडमास्तर बोलले काय? माईकवर नाव आला काय?' चिडायची सोय नाही. गरीब माणूस फसू नये म्हणून फक्त मोठ्यांवर विश्वास ठेवतो, आणि फसतो. हेडमास्तरांकडे दोन ओळींची चिठ्ठी मागायला गेलो. ते म्हणाले, "पटावर नसलेल्या मुलीबद्दल शाळेने कसं लिहायचं? कायदा आहे." पटावरून काढली कोणी, हे विचारलं नाही. माझीही नोकरी आहे.

आता समारंभ. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांडव. मुंबईकरांच्या नव्या विजारी, गॉगल, पोरांच्या कानांत अत्तराचे बोळे. स्टेजवर मधोमध तुमची बत्ती, हार घातलेली. (बत्तीला हार! तिचाच पहिला सत्कार झाला म्हणायचा.) आपल्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुदळसुद्धा मारत नाहीत, तर समारंभ कुठला व्हायला? धोंडू गुरव धुतलेलं धोतर नेसून पुढे झाले. शाळेचा नारळ मांडलेला होता. हेडमास्तरांनी आधीच सगळ्यांना बजावलं होतं की हो म्हणताना आवाज मोठा पाहिजे, मुंबईकर टेप करतायत. आणि कोणाचं लक्ष नाही असं पाहून मथुरा लंगडत आली, शाळेच्या नारळाशेजारी तिने आपला एक नारळ ठेवला, धोंडूच्या कानाशी लागली आणि मागे जाऊन बायकांत बसली.

आता रीत अशी की जेवढे नारळ मांडले असतील तेवढ्यांची नावं आणि कारणं गाऱ्हाण्यात घ्यावीच लागतात, नाहीतर देवीचा कोप गुरवावर. धोंडूने डोळे मिटले. "बा गावदेवी माये, म्हाराजा! आज ह्या शाळंचा निकाल तुझ्या किरपेनं शंभर टक्के लागला, तसाच वर्साच्या वर्साला लाग दे!" व्हय म्हाराजा! "जी लेकरां मुंबयला हायत, बोटीवर हायत, त्यांस्नी राखून घे!" व्हय म्हाराजा! हेडमास्तरांचा आवाज सर्वांत वर. "आणि ह्यो दुसरा नारळ मथुरा आत्मारामाचा. तिची सगुणा ह्या शाळंनं बाह्येर काढली, ती बाह्येरून पास झाली. आतल्यांच्या पुढं गेली!" व्हय म्हाराजा! अख्खा मांडव. अध्यक्ष, पुतण्या लवू, गॉगलवाले, झाडून सगळे. हेडमास्तर तर हात जोडून, डोळे मिटून, घसा ताणून! "जल्ल्या मेल्या शंभर टक्क्यापायी ज्या ज्या लेकरांस्नी घरी घालवली, त्यांस्नीबी तुझ्या पदराखाली घे, आणि घालवणारांस्नी सुबुद्धी दे!" व्हय म्हाराजाऽऽ! तो शेवटचा हो पार डोंगराला जाऊन परत आला. मग हळूहळू एकेकाचे डोळे उघडले. आपण कशाला हो म्हणालो हे लोकांना कळायला वेळ लागला. मला मात्र हसू आवरेना. मी उपरणं तोंडात कोंबलं. शेजारी सगुणा उभी होती, ती हसत नव्हती. माईककडे बघत होती.

कारण माईक बंद होता. गाऱ्हाणं देवीला सांगायचं असतं, तिला माईक लागत नाही. आणि लगेच तो चालू झाला, हेडमास्तरांनी घसा साफ केला आणि कार्डावरची नावं वाचली. पहिला लवू. टाळ्या. ढाल. फोटो. सगुणाचं नाव आलं नाही. सगळ्या गावाने देवीच्या साक्षीने होकार भरला होता, तीच माणसं त्याच जागी बसून टाळ्या पिटत होती. एकाही गाढवाने उठून विचारलं नाही. (त्या गाढवांत मलाही धरा. मी उपरणं तोंडातून काढून खांद्यावर टाकलं, एवढंच केलं.)

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावणं. गाऱ्हाणं तुम्ही लिहून दिलंत, असा आरोप. मेमोच दिला. धोंडूची साक्ष काढली तर ते म्हणाले, "मना लिवलेला वाचता येतंय काय? नारळ बोलला तां मी बोललो." नारळाला मेमो देता येत नाही म्हणून मला दिला. गावात आता बायका सगुणाला 'पास झालेली' म्हणतात, देवीसमोर ठरलं म्हणून. पण परत गेलेल्या मुंबईकरांना आत्मारामने विचारलं, तेव्हा त्या सत्यवादी माणसांनी सांगितलं, गाऱ्हाण्यात आला नाव, माईकवर नाय आला. झालं! मार्गशीर्ष कायम. पोरीचं कॉलेज बंद आहे. दुपारी देवळात येऊन अकरावीची पुस्तकं वाचते. मला पाहिलं की मिटते.

असा थाटात समारंभ पार पडला. आणखी सविस्तर हवं असेल तर पुढच्या वर्षी रजा काढा. गाळ्यातल्या सर्वांना नमस्कार. आक्काचा राग आहे, पण तो नेहमीचा.

आपला मेव्हणा,
सदू

ता. क. बत्ती समारंभानंतर पुन्हा अध्यक्षांच्या घरी गेली होती, ती परत आली. शाळेने या वर्षी ती मोठ्या मनाने कच्च्या मुलांना दिली आहे. जाळीचं मेंटल फुटलंय आणि पंप दाबला की हवा बाहेर येते. नवीन मेंटल दसऱ्याच्या येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर धाडा.

दुसरा ता. क. दसऱ्याला मंडळ मुंबईत आमच्या हेडमास्तरांचा 'आदर्श मुख्याध्यापक' म्हणून सत्कार करणार असल्याचं त्यांनीच मला सांगितलं. शंभर टक्क्यांबद्दल. तुम्ही मात्र पत्रात याचा उल्लेख टाळलात. शहाणे आहात. मानपत्र कोणी लिहायचं, असा प्रश्न आला. शाळेत अक्षर माझंच बरं. मी लिहिलं. हो, मीच. 'दुर्बल विद्यार्थ्यांचा आधारवड' हे शब्द माझ्याच हाताने लिहिले आणि मग हात धुतले. मेमो तूर्त कपाटात गेला आहे. मानपत्र सोबत जोडलंय. आता मला नावं ठेवायची तर ठेवा, पण तिसरा ता. क. वाचून.

तिसरा ता. क. हे पत्र खरं यासाठी लिहिलं. सत्काराच्या दिवशी आत्मारामला खानावळीतून ओढून न्या आणि पहिल्या रांगेत बसवा. तुम्ही तोंडी सांगून तो ऐकायचा नाही. कार्ड तुम्हीच छापलेलं. मानपत्र वाचायचं तुम्हालाच; त्याच्या शेवटी एक वाक्य आहे, ते सावकाश, नाव न गिळता वाचा: 'यांच्याच कृपाछत्राखाली कु. सगुणा आत्माराम पाष्टे ही बाहेरून बसूनही एस. एस. सी. परीक्षा द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण झाली.' कच्चा मसुदा हेडमास्तरांना दाखवला तेव्हा बाकी सगळं ते भराभर वाचत गेले आणि नेमके इथे थांबले. मी मनात म्हटलं, आता खोडणार. त्यांनी पेन काढलं, 'कृपाछत्राखाली' च्या पुढे 'व अविरत मार्गदर्शनामुळे' एवढं घातलं, आणि म्हणाले, "हे वाक्य झकास जमलंय. मोठ्याने वाचायला सांगा." तेव्हा मोठ्याने वाचा. आणि भावोजी, माईक चालू आहे की नाही, तेवढं आधी बघून घ्या.